काळ्या शाईचे रंग सुटे होतात, मग पालकाचे का होत नाहीत? कागदावरील क्रोमॅटोग्राफीविषयी काही शंका

प्रश्न : विज्ञान_शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धती शिकवताना रंजकद्रव्य पृथक्करण, म्हणजेच कागदावरील क्रोमॅटोग्राफी, मी मुलांकडून प्रत्यक्ष करून घेते. गाळणकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका देऊन पट्टीचे टोक पाण्यात बुडवले की निळा, गुलाबी आणि पिवळा असे रंग सुटे होतात. इथवर सारे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडते, परंतु त्यापुढे मुलांनी जे केले त्यातून पुढील प्रश्न उभे राहिले आहेत.

पहिला प्रश्न असा की, मुलांनी दप्तरातली इतर पेने काढली तेव्हा काळ्या जेल पेनचा ठिपका पाण्यात तसूभरही हलला नाही. निळ्या बॉलपेनचा ठिपकाही पाण्यात जागच्या जागीच राहिला, मात्र स्पिरिटमध्ये त्यातून जांभळा रंग वर चढला. जेल पेन स्पिरिटलाही दाद देईना.

दुसरा प्रश्न पालकाचा. पाने स्पिरिटमध्ये खलून गडद हिरवा अर्क काढला, त्याचा ठिपका दिला आणि पट्टी स्पिरिटमध्येच उभी केली. हिरवा रंग जसाच्या तसा द्रावकाबरोबर वर गेला आणि टोकाशी जाऊन बसला. पिवळी रंगद्रव्ये सुटी दिसतील ही अपेक्षा फोल ठरली.

तिसरा प्रश्न आरएफ मूल्याचा, म्हणजे ठिपक्याच्या जागेपासून रंग जितका चढला त्याला द्रावक जितका चढला त्याने भागून येणाऱ्या आकड्याचा. एकाच पेनच्या निळ्या रंगासाठी एका गटाला ०.८५ मिळाले, तर दुसऱ्या गटाला ०.७४. प्रयोगवहीत नेमके कोणते लिहायला सांगावे? आणि शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले की, पिवळ्या स्केचपेनचा एकच पट्टा दिसतो, तर तो रंग शुद्ध समजायचा का? माझ्याजवळ उत्तर आहे, पण ते जाणकारांकडून तपासून घ्यावे असे वाटते.

उत्तर १ : कागद_आणि_द्रावक

नमस्कार ताई. मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात विश्लेषणाचे काम करतो. आता आमच्याकडे कागदाची जागा यंत्रांनी घेतली असली तरी त्यामागचा हिशेब तोच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, कागद इथे चाळणीचे काम करत नाही, हे मुलांना स्पष्टपणे सांगावे. मोठे रेणू अडकतात आणि लहान पुढे जातात अशी समजूत बऱ्याच जणांची होते, पण ती खरी नाही. द्रावक केशाकर्षणाने वर चढत असतो. ठिपक्यातील प्रत्येक रेणू कधी द्रावकात असतो, तर कधी कागदाच्या तंतूंना आणि त्या तंतूंनी धरून ठेवलेल्या पाण्याला चिकटून असतो. द्रावकात असताना तो द्रावकाच्या वेगाने पुढे सरकतो आणि कागदाला चिकटलेला असताना अजिबात सरकत नाही. ही देवाणघेवाण प्रयोग चालू असेपर्यंत असंख्य वेळा होते. आरएफ ०.५ याचा अर्थ असा की तो पदार्थ सरासरीने निम्मा वेळ द्रावकात आणि निम्मा वेळ कागदावर होता. दोन रंग वेगळे होण्यासाठी या वेळेच्या वाटणीत फरक पडायला हवा, एवढीच अट आहे. त्यामुळे सगळा खेळ द्रावकाच्या निवडीवर येऊन ठेपतो.

आता पेनांकडे येऊ. स्केचपेनच्या शाईत पाण्यात विरघळणारे रंग असतात आणि काळी छटा साधण्यासाठी तसे दोन-तीन रंग एकत्र केलेले असतात, म्हणून पाण्यात ते सुटे होतात. बॉलपेनची शाई तेलकट, दाट असते. तिच्यातील रंग पाण्यात उतरत नाहीत पण अल्कोहोलमध्ये उतरतात आणि आपल्याला दिसलेला जांभळा रंग बहुधा क्रिस्टल व्हायोलेटच्या कुळातला असावा, कारण निळ्या-काळ्या बॉलपेनांत तो सर्रास वापरला जातो. काळ्या जेल पेनची गोष्ट मुळातच निराळी आहे. त्यात बहुतेक वेळा विरघळलेला रंग नसतोच, तर कार्बन ब्लॅकचे, म्हणजे अतिशय बारीक काजळीचे, कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. जो पदार्थ द्रावकात विरघळतच नाही तो द्रावकाबरोबर जाणार कसा? त्याचा आरएफ शून्यच राहणार. आपण आधाररेषा, म्हणजे ठिपका जिच्यावर देतो ती रेषा, पेनऐवजी पेन्सिलीने आखतो तेही याच कारणाने, कारण ग्राफाइट कोणत्याही नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही.

पालकाच्या बाबतीत याच्या उलट झाले. ज्या द्रावकात सगळी रंगद्रव्ये सहजपणे आणि सारख्याच आवडीने उतरतात, तो अर्क काढण्यासाठी उत्तम, पण पृथक्करणासाठी बहुधा निरुपयोगी असतो. सर्वांचाच जवळजवळ सगळा वेळ द्रावकात गेल्यावर फरक पडणार कुठून? तिथे द्रावक कमी जोरकस हवा. त्याविषयी वनस्पतिशास्त्राचे कोणी लिहील तर बरे.

आरएफच्या फरकाबद्दल सांगायचे तर दोन्ही गटांचे उत्तर त्यांच्या त्यांच्या पट्टीपुरते बरोबर असू शकते. द्रावक आधाररेषेपासून ८.४ सेंटीमीटर चढला आणि निळ्या ठिपक्याचा मध्य ७.१ सेंटीमीटरवर आला, तर भागाकार ०.८५ येतो. ही मोजणी आधाररेषेपासूनच करायची असते, पट्टीच्या टोकापासून नव्हे, आणि मुलांच्या वह्यांत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. दुसरे कारण झाकणाचे. चंचुपात्र उघडे असेल तर चढता चढता द्रावक कागदावरून उडून जातो. मग सीमारेषा एका जागी रेंगाळते, पण खालून नवा द्रावक येतच राहतो आणि रंग पुढे सरकत राहतात, म्हणजे गुणोत्तर बिघडते. पाण्यापेक्षा स्पिरिट आणि ॲसिटोनच्या बाबतीत हा परिणाम फार ठळक असतो. तिसरे म्हणजे पट्टी बाहेर काढताक्षणी द्रावक जिथवर पोहोचला तिथे पेन्सिलीने खूण केली नाही, तर ती रेषा वाळून दिसेनाशी होते आणि मुले अंदाजे आकडा लिहितात. तापमान, हवेतील दमटपणा, कागदाची जात आणि तंतूंची दिशा यांचाही प्रभाव पडतो. म्हणून आरएफची तुलना पुस्तकातील आकड्याशी करू नये, तर ज्ञात नमुना त्याच कागदावर, शेजारच्याच ठिपक्यात, त्याच वेळी चालवून त्याच्याशी करावी. वहीत प्रत्येक गटाने स्वतःचा आकडा आणि त्याखाली कागद, द्रावक व झाकण होते की नाही हे लिहावे.

पिवळ्या रंगाविषयी एवढेच म्हणता येईल की, या द्रावकात या कागदावर तो एकच दिसला. दोन पदार्थांचा आरएफ योगायोगाने सारखा असू शकतो आणि रंगहीन घटक तर डोळ्यांना दिसणारच नाही. वेगळ्या स्वभावाच्या दुसऱ्या द्रावकातही एकच पट्टा राहिला तर शुद्धतेचा दावा बळकट होतो, सिद्ध मात्र होत नाही.

उत्तर २ : पानाफुलांचा_वर्ग

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वरच्या उत्तराला जोडून फक्त पालकाविषयी लिहिते.

आमच्याकडे पेट्रोलियम ईथर आणि ॲसिटोन ९:१ या प्रमाणात घेतात. या मिश्रणात बरोबर वाळवलेल्या ठिपक्यापासून चार पट्टे मिळतात. सर्वांत वर, जवळजवळ द्रावकाच्या सीमेला टेकलेला, केशरी-पिवळा कॅरोटीनचा पट्टा असतो. त्याखाली पिवळा झँथोफिलचा, मग निळसर हिरवा हरितद्रव्य-अ चा आणि सर्वांत खाली पिवळसर हिरवा हरितद्रव्य-ब चा. हा क्रम पाठ करण्याची गरज नाही, कारण तो रेणूंच्या रचनेतून आपोआप समजतो. कॅरोटीनमध्ये केवळ ४० कार्बन आणि ५६ हायड्रोजन आहेत, ऑक्सिजन अजिबात नाही, त्यामुळे कागदाशी त्याचे काही देणेघेणे नसते आणि ते तेलकट द्रावकाबरोबर थेट वर जाते. पालकातील मुख्य झँथोफिल म्हणजे ल्युटीन. त्याचा सांगाडा जवळपास तोच, परंतु दोन टोकांना एकेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असल्यामुळे ते कागदाला अधिक धरून राहते. दोन हरितद्रव्यांतला फरक तर इतका लहान आहे की मुलांना तो सांगताना मला दर वर्षी मजा वाटते. अ मध्ये ज्या जागी मिथाइल गट आहे, त्या जागी ब मध्ये अल्डिहाइड गट आहे. एवढ्या मोठ्या रेणूतील एका कोपऱ्यातला हा बदल डोळ्यांना दिसेल अशा दोन रंगीत पट्ट्यांच्या रूपात कागदावर उमटतो.

ताईंना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगते. पाने धुतल्यावर फडक्याने टिपून कोरडी करावीत, कारण अर्कात पाणी उतरले की ठिपका पसरतो आणि पट्ट्यांच्या जागी ओघळ येतो. खलताना चिमूटभर स्वच्छ वाळू आणि थोडे ॲसिटोन घालावे. ठिपका केशनलिकेने द्यावा, पूर्ण वाळू द्यावा आणि त्याच जागी पुन्हा द्यावा. दोन-तीन मिलिमीटरहून मोठा ठिपका झाला तर पट्टे एकमेकांवर चढतात. केशनलिका नसेल तर सोपा मार्ग असा की, पान कागदावर पालथे ठेवून आधाररेषेच्या जागी नाण्याची कड दाबून फिरवावी. हिरवी रेघ थेट कागदावर उमटते आणि खलण्याचा खटाटोप वाचतो.

कधी कधी कॅरोटीन आणि झँथोफिलच्या मधे एक करडा-तपकिरी पट्टा दिसतो आणि पुस्तकात तो नसल्यामुळे मुले गोंधळतात. तो फिओफायटिनचा. पानाच्या पेशींमधील आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. झाकण ठेवून फार वेळ शिजवलेली पालकाची भाजी काळपट-शेवाळी दिसते तीही याचमुळे, आणि काही जणी भाजीत चिमूटभर खायचा सोडा घालतात त्यामागे आम्लाला आवर घालणे हेच रसायनशास्त्र आहे. प्रयोगात मात्र सोड्याऐवजी खलताना किंचित कॅल्शियम कार्बोनेट घालावे.

लाल माठाचे पानही चालवून पाहावे. त्याचा किरमिजी रंग बीटासारखाच पाण्यात विरघळणारा असल्यामुळे पेट्रोलियम ईथरच्या मिश्रणात तो आधाररेषेवरच बसून राहतो आणि त्याच्या आड दडलेली हरितद्रव्ये वर निघून जातात. तीच पट्टी वाळवून नंतर पाण्यात उभी केली की लाल रंग चालू लागतो. द्रावकाची निवड म्हणजे काय, हे याहून स्पष्टपणे मला तरी कुठे दाखवता आलेले नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. पेट्रोलियम ईथर झटकन पेट घेते. वर्गात स्पिरिटचा दिवा, उदबत्ती, काहीही पेटते नसावे, खिडक्या उघड्या असाव्यात आणि ईथर नाही म्हणून गाडीतले पेट्रोल वापरण्याचा विचारही करू नये.

उत्तर ३ : जुना_प्रयोगवहीवाला

वरची दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. एका मुद्द्यावर मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. अनेक मार्गदर्शिका कागदावरील क्रोमॅटोग्राफीला सरसकट विभाजनाची पद्धत म्हणतात, म्हणजे रंग दोन द्रवांत वाटला जातो: एका जागी थांबलेला द्रव (स्थिर प्रावस्था) म्हणजे कागदातले पाणी आणि सरकणारा द्रव (गतिमान प्रावस्था) म्हणजे वर चढणारा द्रावक. पण ताईंच्या पहिल्या प्रयोगात चढणारा द्रावक पाणीच आहे! पाणी आणि पाणी यांच्यात रंगाचे विभाजन होणार कसे? तिथे मुख्यतः अधिशोषण घडते, म्हणजे रंगाचे रेणू सेल्युलोजच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांना थेट धरून राहतात. खडूच्या कांडीवर शाईचे रंग वेगळे करतात तेही अधिशोषणच.

इतिहासातही हे दोन प्रवाह वेगळे आहेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्ये वेगळी करण्याची जी पद्धत मांडली ती अधिशोषणाची होती. पुढे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरलेल्या नळीतून त्यांनी हिरवा अर्क सोडला आणि रंगीत वलये मिळवली. विभाजनाची कल्पना आली ती इंग्लंडमधील लीड्स येथे, लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत. लोकर हे प्रथिन, त्यातील अमिनो आम्ले मोजायची होती, आणि ती एकमेकांशी इतकी मिळतीजुळती की नेहमीच्या पद्धती तोकड्या पडत होत्या. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये सिलिका जेलने धरलेले पाणी स्थिर ठेवून त्यावरून क्लोरोफॉर्म वाहू दिला. १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी सिलिकाच्या जागी गाळणकागद घेतला, आणि लाखमोलाची पद्धत कागदाच्या किमतीत उपलब्ध झाली. १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मार्टिन आणि सिंज यांना मिळाले. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम शोधताना हीच कागदी पद्धत भरपूर वापरली.

अमिनो आम्ले रंगहीन असतात, म्हणून कागद वाळवून त्यावर निनहायड्रिन हे अमिनो आम्लांना रंग आणणारे रसायन फवारतात आणि सुमारे १०५ अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवतात. कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर जांभळे ठिपके हळूहळू उगवतात, फक्त प्रोलीनचा पिवळा येतो. ब्यूटेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी ४:१:५ या प्रमाणात हलवून त्याचा वरचा थर द्रावक म्हणून घेतला तर ग्लायसीनचा आरएफ ०.२६ च्या, ॲलानीनचा ०.३८ च्या आणि ल्युसीनचा ०.७३ च्या आसपास येतो. हायड्रोकार्बनची शेपटी जितकी मोठी, तितका ब्यूटेनॉलकडे ओढा अधिक. हे निखळ विभाजन. या प्रयोगात कागद उघड्या बोटांनी धरला की फवारल्यावर बोटांचे जांभळे ठसे उमटतात, कारण घामातही अमिनो आम्ले असतात. गुन्ह्याच्या तपासात कागदावरचे ठसे उठवण्यासाठी निनहायड्रिन वापरतात ते याचमुळे.

उत्तर ४ : कागद_आणि_द्रावक

सर, अधिशोषणाचा मुद्दा मान्य, पण तो इतका काटेकोरपणे वेगळा काढता येईल असे मला वाटत नाही. सेल्युलोजच्या तंतूंमध्ये शिरून हायड्रोजन बंधांनी धरले गेलेले पाणी हे बाहेरून वाहणाऱ्या मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही, त्यामुळे द्रावक पाणी असतानाही थोडेफार विभाजन शक्य आहे. उलट, ब्यूटेनॉलच्या प्रयोगातही सेल्युलोजचे थेट आकर्षण पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून शालेय पातळीवर “कागदाकडे असलेला ओढा” आणि “द्रावकाकडे असलेला ओढा” एवढेच सांगावे आणि नावांचा वाद अकरावीच्या वर्गावर सोडावा.

विज्ञान_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लाल माठाचा प्रयोग पुढच्याच तासाला घेणार आहे. आणखी एक शंका विचारते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऱ्होडामाइन-बी हा रंग आढळल्यामुळे तामिळनाडूत कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी आल्याची बातमी मुलांच्या वाचनात होती. जिलेबीतला पिवळा रंग परवानगी असलेला आहे की नाही, हे आपल्याला कागदावर ओळखता येईल का, असे ती विचारत आहेत.

उत्तर ५ : जुना_प्रयोगवहीवाला

ताई, तत्त्वतः येईल, परंतु जिलेबीचा तुकडा सरळ पाण्यात चुरून ठिपका दिला तर साखर आणि तूप यांच्यामुळे नुसता फराटा येईल. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळांत यासाठी पुन्हा लोकरच मदतीला येते. पदार्थ आधी तूपविरहित करून पाण्यात उकळतात, द्रावण किंचित आम्लधर्मी करतात आणि त्यात पांढऱ्या, रंग न दिलेल्या लोकरीचा धागा टाकून गरम करतात. कृत्रिम आम्लधर्मी रंग लोकरीवर चढतो आणि साखर मागे राहते. धागा स्वच्छ धुऊन सौम्य अमोनियात गरम केला की रंग पुन्हा द्रावणात उतरतो. ते द्रावण आटवून त्याचा ठिपका द्यायचा आणि शेजारी ज्ञात रंगांचे ठिपके द्यायचे.

भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांतले पिवळ्या कुळातले दोन, टारट्राझीन आणि सनसेट यलो. खाद्यरंगाच्या बाटलीवर नाव छापलेले असते, त्यामुळे तुलनेसाठी ते बाजारात सहज मिळतात. द्रावक म्हणून पाण्यात अगदी थोडे, सुमारे ०.१ टक्का, मीठ घालून घ्यावे. नमुन्याचा पट्टा दोहोंपैकी कोणाशीही जुळला नाही, तर संशयाला जागा आहे एवढेच म्हणता येईल. बेकायदा वापरला जाणारा मेटॅनिल यलो असल्यास रंगाच्या द्रावणावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकताच किरमिजी-जांभळी छटा येते. आम्लाचे हे काम आपण स्वतः करावे, मुलांकडून करवून घेऊ नये. आणि निष्कर्ष काहीही आला तरी वहीत दुकानाचे नाव लिहू देऊ नये, कारण आपल्या पट्टीवरचा न जुळणारा पट्टा हा आरोपाला पुरेसा पुरावा नव्हे. तो नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेल्यावरच काय ते ठरते.